तुपाचा रवा आणि द्रावक: स्फटिकांचा आकार कसा तपासावा

तूप रवाळ असेल तर ते शुद्धच, हा समज आपल्याकडे पक्का आहे. परंतु रव्याचा आकार शुद्धतेपेक्षा तूप कसे थंड झाले यावर अधिक अवलंबून असतो. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत हे पडताळून पाहता येते.

साजूक तूप ६५ अंश सेल्सिअसपर्यंत तापवून दहा मिनिटे तसेच ठेवावे. जुने कण पूर्ण वितळले नाहीत, तर तेच नव्या स्फटिकांची बीजे ठरतात आणि पुढची तुलना निरर्थक होते. मग एक भाग बर्फाच्या पाण्यात झटकन गोठवावा, तर दुसरा सुमारे २८ अंशांवर रात्रभर न हलवता ठेवावा. पहिल्यात असंख्य केंद्रके (स्फटिक जिथून वाढू लागतो ते सूक्ष्म कण) एकाच वेळी तयार झाल्याने स्फटिक बारीक राहतात. दुसऱ्यात मोजकीच केंद्रके सावकाश वाढतात आणि जास्त तापमानाला वितळणाऱ्या स्निग्धांशाचे दाणे तळाशी बसतात. येथे वरचे पातळ तूप हेच द्रावक, म्हणजे विरघळवणारा द्रव, असते.

हे दाणे गाळून घ्यावेत आणि त्यांच्या दहापट ॲसिटोनमध्ये, नळी ४० अंशांच्या पाण्यात धरून, विरघळवावेत. ॲसिटोनची वाफ सहज पेट घेते, म्हणून जवळ ज्योत नसावी, हवा खेळती असावी आणि नळी घरगुती फ्रीजमध्ये ठेवू नये. त्याच पाण्यात द्रावण हळूहळू निवू द्यावे, मग ते बर्फाच्या पाण्यात ठेवावे. तेलाचा दाटपणा आड येत नसल्याने येथे स्फटिक सुटे आणि अधिक रेखीव मिळतात; तेलातून मात्र बहुधा सुयांचे गोल झुबके येतात.

सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यासाठी काचपट्टीवर या द्रावणाचा थेंब ठेवताच त्यावर कव्हर स्लिप (पातळ काचेचा चौकोन) लावावी. उघड्या थेंबाची कड आधी सुकते, तेथील द्रावण एकदम अतिसंपृक्त होते (मावेल त्यापेक्षा जास्त स्निग्धांश त्यात उरतो) आणि सुयांचे झुबके उगवतात, मग मध्यभागी सुटे पत्रे असले तरी.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत डुकराच्या चरबीतील गोवंशाच्या चरबीची भेसळ ईथर या द्रावकातून मिळालेल्या स्फटिकांवरून ओळखत: छिन्नीच्या टोकाचे पत्रे डुकराच्या चरबीचे, पंख्याच्या आकाराचे झुबके गोवंशाच्या चरबीचे. पण बाष्पीभवनाचा वेग बदलला की आकारही बदलू शकतो. म्हणून संशयित नमुन्याशेजारी खात्रीचा नमुना ठेवावा आणि द्रावक, प्रमाण व थंड होण्याचा वेग दोन्हींना एकच असावा. गाईच्या तुपाशी म्हशीचे तूप ताडून पाहू नये. जास्त तापमानाला वितळणारे ग्लिसराइड (स्निग्धांशाचे रेणू) अधिक असल्याने म्हशीच्या तुपाचा रवा मुळातच मोठा असतो.