एव्हरेस्ट बेस कॅम्प ग्रुपने करताय? या चुका टाळा

एव्हरेस्ट बेस कॅम्पच्या वाटेवर दोर लावावा अशी एकही जागा नाही. विमान उतरतं त्या लुक्ला गावापासून मळलेली पायवाट आहे, ठिकठिकाणी लॉज आहेत, गरम डाळभात मिळतो. हरिश्चंद्रगडाची नळीची वाट चढलेल्या माणसाला तांत्रिकदृष्ट्या इथे अवघड काहीच नाही, आणि घोळ नेमका इथूनच सुरू होतो. पाय सहसा दगा देत नाहीत. त्रास देते ती ५,३६४ मीटरवरची हवा, जिथे समुद्रसपाटीच्या जेमतेम निम्मा ऑक्सिजन श्वासातून मिळतो. त्यातून मित्रांचा ग्रुप असला की निर्णय शरीर पाहून होत नाहीत. ते परतीचं तिकीट, ग्रुपमधला सर्वांत दणकट गडी आणि 'माझ्यामुळे सगळ्यांचा ट्रेक बुडायला नको' ही भीड पाहून होतात. खालच्या बहुतेक चुकांचं मूळ तिथे आहे.

सुट्टी मोजून आखलेला कार्यक्रम

ऑफिसची सुट्टी दहा दिवसांची, म्हणून ट्रेकही दहा दिवसांत बसवायचा, ही पहिली आणि सर्वांत महागात पडणारी चूक. ३,००० मीटरच्या वर गेलं की झोपण्याची उंची एका रात्रीत साधारण ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही आणि तीन-चार दिवसांनी त्याच उंचीवर एक जादा रात्र काढायची, हा नियम आहे. तो पाळला की वेळापत्रक आपोआप ठरतं: फाकडिंग (२,६१०), नामचे (३,४४०) दोन रात्री, तेंगबोचे (३,८६०), दिंगबोचे (४,४१०) दोन रात्री, लोबुचे (सुमारे ४,९००), गोरक्षेप (सुमारे ५,१६०). वर जायला आठ दिवस, उतरायला तीन-चार.

नामचे आणि दिंगबोचेचा जादा दिवस लोळून काढण्यासाठी नसतो. नामचेहून एव्हरेस्ट व्ह्यू हॉटेलपर्यंत (३,८८०) किंवा खुमजुंगपर्यंत चढून यायचं, दिंगबोचेहून नांगकरत्सांगच्या धारेवर जमेल तेवढं चढायचं आणि रात्री खालीच झोपायचं. 'सगळे ठणठणीत आहेत, मग इथला दिवस वाचवू' असं दिंगबोचेत कुणीतरी म्हणतंच. त्याचा हिशोब लोबुचेत रात्री चुकता होतो.

याशिवाय लुक्लाच्या विमानासाठी किमान दोन दिवस राखीव हवेत. तिथली धावपट्टी ५२७ मीटरची आणि उताराची आहे. ढग किंवा वारा असला की उड्डाणं बंद, आणि दुपारनंतर हवा हमखास बिघडते. गर्दीच्या हंगामात, म्हणजे एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात, बरीच उड्डाणं काठमांडूऐवजी रामेछापच्या मंथली विमानतळावरून होतात. काठमांडूहून तिथे गाडीने चार-पाच तास लागतात, म्हणजे रात्री एक-दोनला निघणं आलं. काठमांडूहून मुंबईचं तिकीट लुक्लाहून परतण्याच्या दिवशीच काढणं हा शुद्ध जुगार आहे.

सह्याद्रीचा वेग

सिंहगड तासाभरात चढणाऱ्याला खुंबूत, म्हणजे एव्हरेस्टच्या पायथ्याच्या या भागात, मंद चालणं जिवावर येतं. पण फिटनेस आणि उंचीचा त्रास यांचा थेट संबंध नाही. मॅरेथॉन धावणाऱ्याला नामचेतच ओकाऱ्या होतात आणि रमतगमत येणारी मावशी काला पत्थर (गोरक्षेपच्या वरचा माथा) करून येते. कळसूबाई १,६४६ मीटर आहे. महाराष्ट्रात राहून विरळ हवेची सवय करता येत नाही. करता येते ती पायांची आणि फुप्फुसांची तयारी. त्यासाठी तीन-चार महिने आठवड्यातून एकदा सहा ते आठ किलोची सॅक घेऊन लांब चढ-उतार करा, आणि उताराकडे खास लक्ष द्या, कारण परतीला गुडघे बोलतात.

वाटेवर वेग एवढाच ठेवायचा की चालता चालता पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. धाप लागून थांबावं लागलं तर वेग जास्त आहे. सर्वांत हळू चालणाऱ्याला पुढे ठेवा. तो मागे राहिला की गाठायच्या नादात दमतो, पुढचे लोक वाट बघून गारठतात, आणि तो पोचताच लगेच उठून निघतात. म्हणजे ज्याला विश्रांतीची सर्वांत जास्त गरज, त्यालाच ती मिळत नाही. दुसऱ्या दिवशी हिलरी पुलानंतरची नामचेची चढण आणि पुढे फुंगी तेंगाहून तेंगबोचेची चढण, या दोन जागी हे हमखास घडतं.

डोकं दुखतंय, पण सांगायचं नाही

सगळ्यांत धोकादायक चूक हीच. डोकेदुखीसोबत मळमळ, भूक मरणं, चक्कर किंवा विचित्र थकवा यांपैकी काही असेल, तर उलट सिद्ध होईपर्यंत तो उंचीचा त्रासच समजायचा. 'उन्हाने झालं', 'झोप नाही झाली', 'सूप बाधलं' ही कारणं नंतर.

काठमांडूतच, सगळ्यांच्या देखत, तीन गोष्टी ठरवून टाका. त्रास झाला तर लपवायचं नाही. लक्षणं असताना वर चढायचं नाही. आणि कुणाला उतरावं लागलं तर त्याच्यासोबत कोण उतरणार, हे नावानिशी. तिसरी गोष्ट आधी ठरली नाही तर आजारी माणूस 'तुम्ही जा, मी हळूहळू येतो' म्हणतो आणि बाकीचे ते मान्य करतात. आजारी माणसाला एकटं कधीच खाली पाठवू नका. गाईड एकच असेल, तर तो कुणासोबत जाणार हेही आधी ठरलेलं हवं.

प्रत्यक्षात त्रास सुरू झाला तर असं करा. त्याच लॉजवर थांबा. पाणी प्या, थोडं खा, डोकेदुखीला पॅरासिटामॉल घ्या. डोकं दुखायचं थांबलं आणि दुसरं काही नसेल, तर दुसऱ्या सकाळी पुढे जायला हरकत नाही. चोवीस तासांत फरक पडला नाही किंवा त्रास वाढला, तर खाली.

आणि दोन अवस्थांत सकाळचीही वाट बघायची नाही. पहिली मेंदूची: माणूस अडखळतो, असंबद्ध बोलतो, नको तितका गप्प होतो, बुटाची नाडी बांधताना चुकतो. त्याला जमिनीवरच्या सरळ रेषेत मागच्या पायाच्या बोटांना पुढच्या पायाची टाच लावून दहा पावलं चालायला सांगा. झोकांड्या गेल्या की मेंदूवर सूज आहे असं धरा. दुसरी फुप्फुसांची: बसल्या जागी धाप लागते, आडवं पडवत नाही, सतत खोकला, पुढे फेसाळ किंवा गुलाबी थुंकी. हा त्रास बहुधा रात्री बळावतो, म्हणून 'सकाळी बघू' हे वाक्य इथे घातक ठरतं. दोन्ही वेळी किमान ३०० ते १,००० मीटर खाली उतरवायचं, अंधार असला तरी, टॉर्च, गाईड आणि पोर्टर घेऊन. हेलिकॉप्टर रात्री किंवा ढगात येत नाही, त्याच्या भरवशावर बसून राहू नका. लोबुचेहून फेरिचे सहाशे मीटरच्या आसपास खाली आहे आणि तिथे हिमालयन रेस्क्यू असोसिएशनचं मदतकेंद्र वसंत आणि शरद हंगामात चालू असतं. वर जाताना तुम्ही दिंगबोचेला मुक्काम केला तरी फेरिचे कुठल्या वाटेने गाठायचं, हे गाईडकडून समजून घ्या. नामचेच्या वरच्या अंगाला खुंदे इथे १९६६ साली एडमंड हिलरींनी उभारलेलं रुग्णालय आहे.

डायमॉक्स म्हणजे परवाना नव्हे

अ‍ॅसिटाझोलामाइड, म्हणजेच डायमॉक्स, शरीराला उंचीशी जुळवून घ्यायला मदत करतं. प्रतिबंधासाठी प्रौढांचा नेहमीचा डोस १२५ मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, चढाई सुरू करण्याच्या आदल्या दिवसापासून. पण ते घेतलं म्हणून मुक्काम गाळता येत नाही. सल्फा औषधांची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांनी आणि मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्यांनी डॉक्टरांशी बोलल्याशिवाय हात लावू नये. घरी असतानाच एक-दोन दिवस घेऊन बघा. बोटांना मुंग्या येतात, लघवी वाढते, सोडा किंवा कोला बेचव लागतो. हे माहीत नसेल तर माणूस नामचेत घाबरतो. झोप लागत नाही म्हणून झोपेची गोळी किंवा रक्सी (तिथली घरगुती दारू) घेणं मात्र पूर्ण टाळा. दोन्हींनी रात्रीचा श्वास मंदावतो.

ऑक्सिमीटरचंही तसंच. संध्याकाळी जेवणघरात सगळ्यांची बोटं तपासून कुणाचा आकडा जास्त याची चढाओढ लागते. ५,००० मीटरच्या आसपास ८०च्या घरातला आकडा अनेक धडधाकट लोकांचा असतो, आणि गार बोटांवर यंत्र वाटेल ते दाखवतं. बोटं चोळून गरम करा, मिनिटभर थांबा, मग वाचा. तरीही निर्णय लक्षणांवरच घ्या. आकडा उत्तम पण माणूस झोकांड्या देतोय, तर माणसावर विश्वास ठेवा.

पाणी, पोट, थंडी

५,००० मीटरवर पाणी साधारण ८३ अंशांना उकळतं. जंतू मरायला तेवढं पुरतं, पण भात आणि डाळ शिजायला वेळ लागतो. म्हणून लॉजवर पोचल्या पोचल्या ऑर्डर द्या आणि सगळ्यांनी एकाच प्रकारचं जेवण मागवा. आठ जणांचे आठ पदार्थ म्हणजे दीड तास ताटकळणं. डाळभात हा शहाणपणाचा पर्याय, वाढपही मिळतं. नामचेच्या वर मांस टाळा. खुंबूत प्राणी मारत नाहीत, मांस खालून पाठीवर, शीतपेटीशिवाय येतं. क्लोरिनची गोळी थंडगार पाण्यात अर्ध्या तासात काम करेलच असं नाही, जास्त वेळ द्या. पाणी किती प्यायचं याचा माप लघवीचा रंग: फिकट पिवळा असला की बस. उगाच सहा-सात लिटर ढोसल्याने रक्तातलं मीठ उतरतं आणि त्याचीही डोकेदुखीच होते.

दिंगबोचेपासून पुढे पाण्याच्या पिशवीची नळी पहाटे गोठते, म्हणून जाड बाटली घ्या. रात्री तीच गरम पाण्याने भरून मोज्यात घालून स्लीपिंग बॅगेत ठेवा. पायही तापतात आणि सकाळी प्यायला पाणी असतं. मोबाइल, पॉवर बँक आणि कॅमेऱ्याच्या बॅटऱ्याही आत घ्या. कोरड्या थंड हवेने होणारा खोकला आठवडाभर पाठ सोडत नाही, तेव्हा पहिल्या दिवसापासून नाक-तोंडावर बफ (गळ्यात घालायची कापडी नळी) ओढा. खोकला सुरू झाल्यावर त्याचा उपयोग थोडाच.

बूट नवे नकोत. किमान दोन महिने, सॅकसह, दगडी वाटेवर वापरलेले हवेत. चालताना पायाला कुठे चटका बसायला लागला की तिथल्या तिथे थांबून टेप लावा. 'पुढच्या लॉजवर बघू' म्हणेपर्यंत फोड आलेला असतो. पायाची नखं निघण्याआधी कापा, उतरताना ती बुटावर आपटतात.

झुलत्या पुलांवर आणि अरुंद वाटांवर याक, झोप्क्यो (याक आणि गाईचा संकर) किंवा खेचरांचा तांडा आला की डोंगराच्या बाजूला उभे राहा, दरीच्या बाजूला नाही. जनावराच्या पाठीवरच्या ओझ्याचा धक्का पुरतो. ग्रुप फोटोच्या नादात ही चूक सर्रास होते.

कागद, पैसा, विमा

भारतीयांना नेपाळला व्हिसा लागत नाही, पण विमानाने जाताना पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागतं, आधार चालत नाही. सगळ्यांची कागदपत्रं निघण्याच्या महिनाभर आधी एकाने तपासावीत. हेच ओळखपत्र सगरमाथा (एव्हरेस्टचं नेपाळी नाव) राष्ट्रीय उद्यानाच्या परवान्यालाही लागतं, कारण सार्क देशांसाठी शुल्क वेगळं, कमी आहे. भारतीय १०० रुपयांचे नेपाळी १६० हा दर ठरलेला आहे. काठमांडूतच पुरेशी रोकड बदलून घ्या. लुक्ला आणि नामचेत एटीएम आहेत, पण त्यांच्यावर विसंबू नका. चार्जिंग, गरम पाणी, वायफाय यांचे दर उंचीसोबत चढत जातात. सामायिक खर्चाची थैली एकाकडे द्या, हिशोब रोज रात्री लिहा.

विमा घेताना 'ट्रेकिंग समाविष्ट' एवढ्यावर समाधान मानू नका. पॉलिसीत उंचीची मर्यादा काय लिहिली आहे ते वाचा. ती ६,००० मीटरपर्यंत हवी आणि हेलिकॉप्टरने हलवणं स्पष्ट शब्दांत हवं. पॉलिसी क्रमांक आणि विमा कंपनीचा आपत्कालीन नंबर कागदावर लिहून गाईडकडे आणि दोन मित्रांकडे ठेवा. ज्याचा विमा, त्याच्याच फोनमध्ये माहिती आणि तोच बेशुद्ध, असं व्हायला नको.

शेवटचे दोन दिवस

बेस कॅम्पवरून एव्हरेस्टचं शिखर दिसत नाही, हे अनेकांना तिथे गेल्यावर कळतं. शिखर दिसतं ते काला पत्थरवरून. म्हणून लोबुचे ते गोरक्षेप आणि तिथून बेस कॅम्पला जाऊन परत, या एकाच लांब दिवसात सगळी ताकद खर्च करू नका. गोरक्षेपला जेवून, जड सामान ठेवून निघा. काला पत्थरला पहाटे चारला निघायचं तर उणे १५ अंशांच्या खालची थंडी धरून चाला. त्या रात्री कुणाचं डोकं दुखत असेल, तर त्याने काला पत्थर सोडून उतरायला लागावं, सोबत आधी ठरलेला माणूस घेऊन.

उतरताना ग्रुप पांगतो, कारण आता सगळ्यांना घर दिसत असतं. गोरक्षेप ते फेरिचे हा टप्पा एका दिवसात होतो, पण थकलेल्या पायांनी मोरेनच्या, म्हणजे हिमनदीने आणून टाकलेल्या, सुट्या दगडांवर घोटे मुरगळतात. दोन्ही हातांत पोल, एक माणूस कायम शेवटी, आणि दर तासाला सगळ्यांची मोजणी. लुक्लाला आदल्या दुपारी पोचा आणि त्याच संध्याकाळी विमानाच्या जागा पुन्हा पक्क्या करून घ्या. सामानाची मर्यादा साधारण दहा किलो आणि हातातल्या पिशवीची पाच किलो असते, तेव्हा ओले कपडे आधी वाळवा.