सोलापुरात राहून लांब पल्ल्याच्या स्की मोहिमेची तयारी

सोलापुरात हिवाळ्याच्या पहाटेही पारा क्वचितच दहा अंशांखाली उतरतो, त्यामुळे गुलमर्ग, औली किंवा सोलंगच्या बर्फात जाऊ इच्छिणाऱ्या आपल्याकडच्या माणसाला सर्वांत मोठी धास्ती थंडीची वाटते. प्रत्यक्षात कोरड्या कपड्यांत, पोटभर खाऊन चालणारे शरीर उणे दहा अंशांतही स्वतःला ऊब देऊ शकते. घात होतो तो घामाने, कारण चढावर भिजलेला कपडा थांबल्याबरोबर अंगातील उष्णता शोषून घेऊ लागतो.

म्हणूनच सुती कपडे, मग ते कितीही सवयीचे असोत, घरीच ठेवावेत. सोलापुरी चादर आणि टॉवेल यांचा मोठा गुण म्हणजे पाणी टिपून घेणे, आणि बर्फात नेमका तोच गुण जिवावर बेततो. अंगालगत लोकरीचा किंवा पॉलिस्टरचा पातळ थर, त्यावर फ्लीस (मऊ, उबदार कृत्रिम कापड) आणि सर्वांत वर वारा अडवणारे जाकीट घालावे. पिसांचे जाड जाकीट पाठपिशवीत वरच ठेवून थांबताक्षणी, थंडी वाजण्याची वाट न पाहता चढवावे. चालायला सुरुवात करताना मात्र किंचित गारठा जाणवला पाहिजे. तसे नसेल तर एक थर जास्त आहे असे समजावे.

लांब मोहिमेत सामान स्लेजवर, म्हणजे बर्फावरून घसरणाऱ्या बिनचाकी गाडीवर, लादून कमरेने ओढावे लागते, आणि याचा सराव बर्फाशिवायही उत्तम होतो. पंक्चरच्या दुकानातून मोटारीचा जुना टायर आणावा, त्याला सुमारे तीन मीटर लांबीचा दोर बांधावा आणि दुसरे टोक पाठपिशवीच्या रुंद कमरपट्ट्याला अडकवावे. दोर आखूड ठेवला तर टायर पुढून उचलला जातो आणि पाऊलागणिक कमरेला हिसका बसतो. डांबरी रस्त्यापेक्षा मातीची वाट बरी, कारण तेथे टायर कधी रुततो, कधी सुटतो आणि बर्फातील असमान ओढीची कल्पना येते. हिप्परगा तलावाच्या बाजूला किंवा जवळच्या कोणत्याही माळावर सूर्योदयापूर्वी निघावे. पन्नास मिनिटे चालून दहा मिनिटे थांबावे आणि सोबत्याशी पूर्ण वाक्यांत बोलता येईल एवढाच वेग ठेवावा. पायांना चढाची सवय लावण्यासाठी तुळजापूरचा घाट आहेच. २९ डिसेंबर २००९ रोजी भारताच्या रीना कौशल धर्मशक्तू स्कीवरून दक्षिण ध्रुवावर पोहोचल्या. असे अंतर शेवटी संथ आणि अखंड चालीनेच कापले जाते.

स्की चालवणे मात्र बर्फावरच शिकावे लागते. गुलमर्ग आणि मनाली येथील सरकारी संस्थांचे अभ्यासक्रम त्यासाठी योग्य आहेत. तेथे प्रथम स्कींची टोके जवळ आणून थांबायला आणि तोल गेल्यास कुशीवर पडायला शिकवतात. हे दोन्ही अंगवळणी पडल्याशिवाय मोठ्या उतारावर जाऊ नये. बुटांत मोज्यांचे दोन जोड कोंबू नयेत, कारण रक्तप्रवाह दबून बोटे उलट अधिक गार पडतात.

स्लेज ओढताना दिवसाला ५,००० किलोकॅलरींच्या आसपास अन्न लागू शकते. कडक भाकरी आणि शेंगाचटणी येथे खरोखर उपयोगी पडते. दोन्ही कोरडी, टिकाऊ, आणि शेंगदाण्यातील तेलामुळे कमी वजनात भरपूर उष्मांक देणारी. पाण्याची बाटली पिशवीत उलटी ठेवावी, म्हणजे वरच्या बाजूला जमणारा बर्फ झाकणापाशी येत नाही. स्टोव्हसाठी निव्वळ ब्युटेनचा गॅस शून्य अंशाच्या आसपासच निकामी होतो, म्हणून प्रोपेन मिसळलेली नळकांडी घ्यावी. स्टोव्ह मात्र बंद तंबूत कधीही पेटवू नये.

गाल किंवा बोट पांढरे पडून बधिर झाले तर ते बर्फाने चोळू नये, उबदार तळहात त्यावर ठेवावा किंवा बोट काखेत धरावे. सोबती अडखळत बोलू लागला, पाय ओढू लागला, तर तेथेच थांबून त्याला कोरडे कपडे घालावेत. तीन हजार मीटरच्या वर मुक्कामाची उंची एका रात्रीत पाचशे मीटरपेक्षा अधिक वाढवू नये. डोकेदुखीसोबत मळमळ सुरू झाली तर आणखी वर चढू नये आणि त्रास वाढल्यास खाली उतरावे. हिमस्खलन बहुतेकदा तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारांवर, विशेषतः ताज्या बर्फवृष्टीनंतर होते, म्हणून अशा उतारावरून जायचे की नाही हे स्थानिक मार्गदर्शकाने ठरवावे, आणि त्याने नाही म्हटले तर त्या दिवशी तंबूतच राहावे.