पॅचचं श्रेय आणि आभार: कुठे, कसे

मुक्त सॉफ्टवेअरमध्ये कोणी पॅच, म्हणजे कोडमधली दुरुस्ती, दिली की आभाराची ओळ लिहिण्याआधी ती किती जणांच्या मेलबॉक्समध्ये जाऊन पडणार आहे ते पाहा. एखाद्या इश्यूवर (नोंदवलेल्या अडचणीच्या धाग्यावर) पन्नास जण लक्ष ठेवून असतील तर तुमचं "थँक्स!" पन्नास जणांना मेल होऊन जातं, आणि त्यातले बरेच नोकरी सांभाळून हे काम बघत असतात. तिथे अंगठ्याचं किंवा हृदयाचं चिन्ह पुरे. "प्लस वन"च्या ("मलाही हेच" एवढंच सांगणाऱ्या उत्तरांच्या) रांगा थांबाव्यात म्हणूनच कोड ठेवण्याचं संकेतस्थळ असलेल्या गिटहबने २०१६ मध्ये ही सोय आणली. डेबियन या लिनक्स प्रणालीत तर वेगळी वाटच आहे: रिपोर्टबग ही आज्ञा 'कुडोज' पर्याय आणि पॅकेजचं (म्हणजे त्या सॉफ्टवेअरचं) नाव देऊन चालवा. बग (चूक) नोंदला जात नाही, आभार थेट पॅकेज सांभाळणाऱ्याकडे पोचतात.

शब्दांत लिहायचंच असेल तर नेमकं लिहा. "मस्त काम!" वाचून कोणी रागावणार नाही, पण त्यातून कळतही काही नाही. त्यापेक्षा: "पीडीएफमध्ये 'दऱ्या'तला अर्धा र तुटत होता, तुमच्या दुरुस्तीनंतर नीट उमटतो. उबुंटू २४.०४ वर तपासलं." यात आभारही आले आणि चाचणीचा निकालही.

टिकणारं श्रेय मात्र कमिटमध्येच, म्हणजे कोडमधल्या बदलाच्या कायमच्या नोंदीत, द्यावं. लिनक्स कर्नलमध्ये (लिनक्सच्या गाभ्यात) बग कळवणाऱ्यासाठी 'रिपोर्टेड-बाय', कल्पना सुचवणाऱ्यासाठी 'सजेस्टेड-बाय' अशा ओळी कमिटच्या संदेशाच्या शेवटी असतात. कोड तपासणाऱ्याची 'रिव्ह्यूड-बाय' आणि चाचणी करणाऱ्याची 'टेस्टेड-बाय' यांची गोष्ट वेगळी. ती त्या माणसाने दिलेली ग्वाही असते, त्यामुळे त्याने स्वतः दिल्याशिवाय आपल्या मनाने घालू नका. पुढच्या आवृत्तीत पॅच बराच बदलला तर या दोन ओळी काढून टाका.

दुसऱ्याचा अर्धवट पॅच बंद करून तोच मजकूर आपल्या नावाने चढवणं, यासारखं माणूस तोडणारं दुसरं काही नाही. त्याचे थोडेच भाग घेतले तरी 'को-ऑथर्ड-बाय' ही सहलेखकाची ओळ घाला. मूळ संदेशानंतर एक ओळ मोकळी सोडा, मग प्रत्येक नाव स्वतंत्र ओळीवर, पुढे कोनी कंसात ईमेल. दोन नावांच्या मध्ये मोकळी ओळ राहिली तर वरचं नाव गळतं, कारण गिट (बदलांची नोंद ठेवणारं साधन) फक्त शेवटचा परिच्छेद बघतं. ईमेल खात्याला जोडलेला नसेल तर गिटहब ते नाव खात्याशी जोडत नाही. म्हणून कोणता पत्ता घालू ते आधी विचारा. काहींना गिटहबने दिलेला नो-रिप्लाय (खरा ईमेल लपवणारा) पत्ताच हवा असतो. स्क्वॉश करून मर्ज करताना (अनेक कमिट एकात मिसळून मूळ कोडमध्ये घेताना) संदेशाची चौकट "साफ" करण्याच्या नादात या ओळी हमखास उडतात.

चाचणी करणारे, चर्चेत वाट दाखवणारे लोक शॉर्टलॉगच्या (गिटच्या लेखकवार यादीच्या) आकड्यांत दिसत नाहीत, तो फक्त कमिट मोजतो. संकेतस्थळं बनवण्याच्या वर्डप्रेस या सॉफ्टवेअरमध्ये कमिट संदेशातल्या 'प्रॉप्स'मध्ये (श्रेयाच्या ओळीत) अशांचीही नावं घालतात आणि ती त्या आवृत्तीच्या श्रेयपानावर येतात. वर्डप्रेस डॉट ऑर्गवरचं वापरकर्तानाव मात्र अक्षरन् अक्षर बरोबर हवं.

पाठवलेल्या पॅचवर उत्तर येत नसेल तर कर्नलचा दंडक पाळा: किमान एक आठवडा थांबा, मर्ज विंडो (नवे बदल मूळ कोडमध्ये घेण्याचा काळ) चालू असेल तर आणखी. मग त्याच धाग्यात एक ओळ टाका, आणि जुना मजकूर सगळा न चिकटवता लागेल तेवढाच ठेवा.