फ्रंटियर बाजारात शिरण्याआधी बाहेर पडायचा रस्ता बघा

फ्रंटियर बाजार म्हणजे छोट्या, कमी विकसित देशांचे शेअर बाजार. तिथे तरुण लोकसंख्या, वाढता खप, स्वस्त शेअर हे सगळं खरंच असतं. तरी परतावा मी शेवटी बघतो. आधी विचारा: विकल्यावर पैसे देशाबाहेर काढता येतील का? नायजेरियात परकी गुंतवणूकदार डॉलरसाठी ताटकळत राहिले. जून 2023 मध्ये नायराचा, म्हणजे तिथल्या चलनाचा, दर मोकळा सोडला आणि तो धाडकन आपटला. म्हणून नफ्याचा हिशेब नेहमी डॉलरमध्येच मांडा.

मग रोजची उलाढाल तपासा. बांगलादेशने 2022 मध्ये शेअरना किमान भाव बांधून दिला, त्याखाली विकता येईना आणि कित्येक शेअरना गिऱ्हाईकच उरलं नाही. कागदावर भाव शाबूत, काय उपयोग!

व्हिएतनामी बँकांत परकी हिस्सा साधारण 30 टक्क्यांवर अडतो. चांगल्या बँकेचा कोटा भरलेला असला, तर फंड बरा. पण त्याचा खर्च वाचूनच.