आधी करंट, मग पेट्रोल

आमची प्रीमियर पद्मिनी गाडी १९८६ ची. सिग्नलला बंद पडायला लागली की शेजारचे काका ठरलेला सल्ला देतात, ‘स्लो वाढव.’ स्लो म्हणजे गाडी उभी असताना इंजिन फिरतं तो वेग. कार्बोरेटरवरचा स्क्रू पिळला की गाडी बंद पडत नाही, हे खरं. पण टायमिंग (प्लगला ठिणगी पडायची वेळ) मागे गेलेलं असेल तर ते नुसतं झाकलं जातं. इंजिन तापतं आणि पेट्रोल पितं ते वेगळंच. बाबांनी कुर्ल्यात बावीस वर्षं काळी-पिवळी चालवली. ते म्हणायचे, आधी करंट, मग पेट्रोल. मी त्याच क्रमाने जाते: आधी टायमिंग, मग कार्बोरेटर.

टायमिंग इंजिन गार असताना, सकाळी. पहिल्यांदा सीबी पॉइंट, म्हणजे प्लगांना करंट वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरमधले उघडझाप करणारे पॉइंट. काळे पडले असतील तर घासत बसू नका, नवे टाका. कॅमच्या उंचवट्यावर पॉइंट पूर्ण उघडले की फट ०.४ मिलिमीटरच्या आसपास हवी. फट बदलली की टायमिंगही बदलतं, म्हणून हे आधी.

आता पहिला सिलिंडर, म्हणजे रेडिएटरकडचा. त्याचा प्लग काढून भोकावर अंगठा धरा. दुसऱ्या कुणाला तरी टॉप गिअरमध्ये गाडी हळूहळू पुढे ढकलायला सांगा, इग्निशन बंद ठेवून. अंगठा हवेने उचलला गेला की कम्प्रेशन आलं. मग पुलीवरची खूण गाडीच्या पुस्तकात दिलेल्या अंशावर आणा. अंगठ्याचा हा उद्योग मी एकदा टाळला होता. पिस्टन वर येतो दोनदा, मी नेमकी चुकीची वेळ पकडली. स्टार्टर मारताच कार्बोरेटरमधून असा बार उडाला की वरच्या मजल्यावरच्या आजी गॅलरीत आल्या.

खूण जुळली की बाबांचा दिवा काढायचा: पार्किंगचा बारा व्होल्टचा बल्ब, त्याला दोन वायरी. एक कॉइलवरून डिस्ट्रिब्युटरकडे बारीक वायर जाते त्या टोकाला, दुसरी बॉडीला. इग्निशन चालू करा. डिस्ट्रिब्युटरचा बोल्ट ढिला करून अख्खा डिस्ट्रिब्युटर आतला रोटर फिरतो त्याच दिशेला थोडा वळवा; दिवा विझेल. आता उलट दिशेला, अगदी केसभर केसभर. दिवा लागला त्या क्षणी थांबा आणि बोल्ट आवळा. आवळताना हमखास हलतो, म्हणून पुन्हा तपासा. इग्निशन उगाच चालू ठेवू नका, कॉइल तापते.

प्लग बसवा, दहा-पंधरा मिनिटं फिरून या. इंजिन गरम हवं, चोक पूर्ण आत.

सोलेक्स कार्बोरेटरवर दोन स्क्रू: एक थ्रॉटलचा, म्हणजे वेगाचा, एक मिक्स्चरचा, म्हणजे पेट्रोल-हवेच्या मिश्रणाचा. मिक्स्चरचा गाडी बंद असताना अलगद टेकेपर्यंत आत, मग दीड फेरा बाहेर. जोर लावलात तर सुईच्या टोकाला चरा पडतो आणि स्लो कधीच नीट बसत नाही. आता गाडी चालू करून तो पाव-पाव फेरा फिरवा. आवाज जिथे सर्वात जलद आणि एकसारखा होईल तिथे ठेवा. मग थ्रॉटलच्या स्क्रूने वेग उतरवा. हे दोन-तीनदा आलटून पालटून. मी मिनिटाला साधारण ७५० फेऱ्यांवर ठेवते. बाबांकडे मीटर नव्हता; ते एअर क्लीनरवर पाण्याचा स्टीलचा पेला ठेवायचे. पाणी थरथरलं तर चालायचं, हिंदकळलं तर पुन्हा स्क्रू ड्रायव्हर हातात.

शेवटी एक चढ. तिसऱ्या गिअरमध्ये दाबल्यावर इंजिन टकटक करायला लागलं तर टायमिंग पुढे आहे; डिस्ट्रिब्युटर रोटरच्या दिशेला किंचित वळवा. आणि हो, तो हलवलात तर स्लो पुन्हा बघावं लागेल.