जुन्या पाककृती कुठे बिघडतात? शेर, सांबार आणि खापराच्या या चुका टाळा

पणजीच्या वहीतला काळा मसाला मी पहिल्यांदा केला, तेव्हा आमटीला तो लागलाच नाही. दोन चमचे घातले, चार घातले, तरी वर नुसतं खोबऱ्याचं तेल तरंगत राहिलं. वहीत धणे, मिरे, दालचिनी, लवंग सगळं तोळ्यांत लिहिलेलं होतं आणि सुकं खोबरं ‘एक शेर’. मी हिशोब मांडला: तोळा ११.६६ ग्रॅमचा, शेर ८० तोळ्यांचा, म्हणजे खोबरं ९३३ ग्रॅम. गुणाकार बरोबर होता, शेर चुकला होता.

वही गिरगावातली, १९२० च्या आसपासची. जुना मुंबईचा मण २८ पौंडांचा होता आणि त्या मणाचे शेर ४०. म्हणजे मुंबईचा शेर जेमतेम ३१८ ग्रॅम. मी जवळजवळ तिप्पट खोबरं भाजलं होतं. दुसऱ्या खेपेला हिशोबाने घेतलं आणि मसाला कुटताना दुसऱ्या खोलीत शिंका आल्या.

जुनी पाककृती फसली की आपण पटकन म्हणतो, ‘त्यांनी नीट लिहिलंच नाही.’ पण ते लिहिणं आपल्यासाठी नव्हतं. लिहिणाऱ्या बाईच्या डोळ्यांसमोर तिची लेक किंवा सून होती. त्या मुलीला घरचा शेर ठाऊक होता, चूल ठाऊक होती, कणीक कुठवर मळायची ते हाताला ठाऊक होतं. एवढं सगळं कागदावर आलंच नाही. माझे बहुतेक घोटाळे याच न लिहिलेल्या जागी झाले आहेत.

कुठला शेर, ते आधी ठरवा

शेर दोन तऱ्हेचा असतो, वजनी आणि मापी. गूळ, तूप, खोबरं तागडीत जायचं. धान्य, डाळ, पीठ मापात. मापी कोष्टक असं: दोन निळव्यांचं कोळवं, दोन कोळव्यांचं चिपटं, दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. म्हणजे चिपटं हा मापी पावशेर. ‘चिपटंभर डाळ, पावशेर गूळ’ असं लिहिलं असेल तर डाळ भांड्याने मोजायची आणि गूळ काट्यावर. दोन्ही काट्यावर टाकलं की प्रमाण हलतं. शिवाय हे शेर गावोगाव वेगळे. १९५६ च्या कायद्यानंतर किलो-ग्रॅम टप्प्याटप्प्याने आले, तोवर एका जिल्ह्याचं माप दुसऱ्या जिल्ह्यात जुळेलच असं नव्हतं.

यात एक दिलासा आहे. कृतीतले सगळे जिन्नस शेर-पावशेरात असतील आणि सगळे वजनीच असतील, तर शेर कुठला याने काही बिघडत नाही. प्रमाण तेच राहतं, फक्त पदार्थ कमी-जास्त होतो. घात होतो तो तोळे आणि शेर एकाच कृतीत आले की, कारण शेर गावागणिक बदलतो आणि तोळा त्यामानाने स्थिर. मसाले, लोणची, पाकातल्या वड्या यांत हे हमखास घडतं.

मग शेर ओळखायचा कसा? त्याच वहीत किंवा पुस्तकात तुम्हाला पाठ असलेला पदार्थ शोधा. मी बेसनाचे लाडू धरते. ‘एक शेर बेसन, लाडू इतके’ असं लिहिलेलं असेल तर लाडवांच्या संख्येवरून बेसन किती असेल याचा अंदाज येतो. छापील पुस्तक असेल तर शेवटची पानं उलटा. वजनमापाचं कोष्टक अनेकदा तिथे असतं आणि आपण तिथवर जातच नाही.

‘रुपयाभार’ हा शब्दही फसवतो. तिथला रुपया चांदीचा, बरोबर एक तोळ्याचा. आजचं रुपयाचं नाणं चार ग्रॅमही भरत नाही. ते तागडीत टाकून वेलदोडे मोजाल तर एक तृतीयांश पडतील.

वेळेचंही तसंच. घटका म्हणजे २४ मिनिटं, प्रहर म्हणजे तीन तास. ‘दोन घटका मुरू द्यावे’ म्हणजे पाऊण तासाच्या थोडं वर. ‘घटकाभर’ मात्र नुसतंच ‘थोडा वेळ’ असू शकतं, तिथे घड्याळ बाजूला ठेवून पदार्थाकडे पाहावं.

शब्द ओळखीचा, जिन्नस अनोळखी

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लक्ष्मीबाई धुरंधरांनी हजार पाककृतींचं पुस्तक लिहिलं. त्या पाठारे प्रभू. त्यांच्या ज्ञातीच्या स्वयंपाकात ‘सांबार’ हा मसाला आहे, कोरडी पूड. कोळंबीच्या कृतीत ‘सांबार घालावे’ वाचून कोणी इडलीबरोबरचं सांबार आठवलं तर पुढचं सगळंच चुकलं. हाच शब्द नागपूरला नेला तर सांबार म्हणजे कोथिंबीर. तिथली सांबारवडी कोथिंबिरीची असते. आणि तंजावरला पोचलात की तो पातळ, आंबट, डाळीचा. एक शब्द, तीन स्वयंपाकघरं. म्हणून कृती हातात आली की आधी ती कोणाच्या घरातली, कुठल्या गावची, कुठल्या ज्ञातीची हे पाहावं.

तंजावरच्या मराठी राजवाड्यात कोकमाऐवजी चिंच घातली आणि संभाजीराजांच्या नावावरून सांबार झालं, ही कथा सगळ्यांना आवडते, मलाही. ती ऐकीव आहे. पंगतीत जरूर सांगा, पण इतिहास म्हणून लिहू नका.

‘निरसं दूध’ वाचून साय काढलेलं दूध घेणारे मी पाहिले आहेत. निरसं म्हणजे न तापवलेलं. हल्लीच्या पिशवीतलं दूध कारखान्यात तापवून आलेलं असतं, त्यामुळे ते तंतोतंत निरसं नव्हे, पण कणीक भिजवायला चालतं. गोठ्यातलं कच्चं दूध घेणार असाल तर ते पुढे नीट शिजणाऱ्या पदार्थातच वापरा.

संस्कृत ग्रंथांत ‘मरीच’ दिसलं की काही भाषांतरांत थेट ‘मिरची’ होते. मरीच म्हणजे मिरे. ही चूक साधी दिसते, पण तिने पदार्थाचं शतकच बदलतं.

मिरची कधी आली ते लक्षात ठेवा

मिरची, बटाटा, टोमॅटो, काजू, शेंगदाणा, मका, पेरू, सीताफळ ही सगळी मंडळी अमेरिका खंडातली. वास्को द गामा १४९८ मध्ये कालिकतला उतरला, त्यानंतर पोर्तुगीजांच्या जहाजांमुळे ती हळूहळू आपल्याकडे रुजली. बटाटा आणि पाव हे शब्दसुद्धा आपण त्यांच्याकडूनच घेतले. यादवकालीन म्हणून वाढलेल्या ताटात लाल रस्सा दिसला की मला वाईट वाटतं, कारण त्या काळचा तिखटपणा चाखायची संधी हातची गेलेली असते.

उपवासाची साबुदाणा खिचडी समोर घ्या. साबुदाणा आज ज्या कंदापासून बनतो तो कसावा, शेंगदाणा, मिरची, बटाटा, चारही समुद्रापलीकडचे. राजगिराही तिकडचाच. आपल्या घरात खिचडी इतकी मुरली आहे की हे खरं वाटत नाही. ती जरूर खावी, फक्त तिला ‘प्राचीन’ म्हणू नये.

मिरचीशिवाय करायचं तर मिरे, पिंपळी, आलं, मोहरी, हिंग यांच्यावर भिस्त ठेवावी लागते. इथे चूक होते ती घाईची. मिरचीचा अंदाज धरून सुरुवातीलाच मिरपूड घातली तर फार वेळ उकळून तिचा वास उडतो आणि कडवटपणा मागे राहतो. अर्धी आधी घाला, अर्धी उतरवताना. पिंपळी घशात रेंगाळते, ती मिऱ्याच्या निम्म्याने पुरते. हिंग खडा असेल तर गुंजभर म्हणजे खरंच गुंजेच्या बीएवढा. डबीतल्या बांधणी हिंगात पीठ आणि डिंक मिसळलेला असतो, तो जास्त लागतो.

मांडे फाटतात त्याचं कारण

कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने ११२९ च्या सुमारास ‘मानसोल्लास’ रचला. त्यातला ‘अन्नभोग’ हा भाग खाण्यापिण्याचा. तिथे मंडक आहेत, आपल्या मांड्यांचे पूर्वज. गहू धुवावेत, उन्हात वाळवावेत, दळून चाळून कोंडा काढावा, थोडं तूप आणि मीठ घालून दूध-पाण्यात भिजवावं, हातावर पसरून तापल्या मातीच्या खापरावर भाजावं. वाचताना किती सोपं वाटतं.

मी घरची गिरणीची कणीक घेतली, चाळली, मळली, आणि मांडा हातावर घेताच मनगटाशी फाटला. एकामागून एक सात. आठव्याला मी कणीक झाकून ठेवली आणि मूळच्या अमळनेरच्या असलेल्या शेजारच्या मावशींना बोलावलं. खान्देशात खापरावरचे पुरणाचे मांडे अजून होतात, त्यांचा हात त्यात मुरलेला. त्यांनी कणकेला बोट लावलं आणि म्हणाल्या, “यात कोंडा आहे गं. चाळणीचं काम नाही हे, फडकं घे.”

“मावशी, पाऊण तास मळलीय.”

“तासाकडे नको पाहू बेटा. ओढून बघ. पलीकडचा दिवा दिसला पाहिजे.”

पुढच्या आठवड्यात आम्ही परत बसलो. गहू ओलवून, सुकवून, बारीक दळून आणलं आणि पीठ धोतराच्या फडक्यातून वस्त्रगाळ केलं. कोंड्याची बारीक कुसळंसुद्धा कणकेचा पडदा आतून कापतात, म्हणून फाटत होतं. कणीक सैल भिजवली, तेलाचा हात लावत मळली, आपटली, तासभर झाकून ठेवली, परत मळली. मग तिचा चिमटा धरून ओढला तेव्हा ट्यूबलाइटची पांढरी रेघ पलीकडून दिसली. मावशींनी गोळा दोन्ही पंजांवर घेतला, मनगटावरून कोपराकडे खेळवला, आणि तो स्वतःच्याच वजनाने वाढत गेला, कुठे न फाटता. सोमेश्वराच्या ग्रंथात गहू चाळायला सांगितलं आहे. किती बारीक, ते त्याच्या स्वयंपाक्यांना सांगायची गरज नव्हती.

खापराचीही गोष्ट आहे. मुक्ताबाईला मांडे करायचे होते आणि विसोबाने कुंभारांना खापर देऊ दिलं नाही, मग ज्ञानदेवांनी पाठ तापवली, ही कथा आपण लहानपणी ऐकतो. खापराशिवाय मांडे अडतात, हे त्या कथेला पक्कं ठाऊक आहे. शहरात खापर मिळालं नाही तर लोखंडी कढई उलटी घाला. गॅसवर ती मध्यभागी लाल होते आणि कडेला थंड राहते, म्हणून खाली जुना तवा ठेवा आणि दहा मिनिटं धीर धरा. पाण्याचा थेंब मध्ये आणि कडेला सारखाच चुरचुरला की मांडा टाका. आणि बेळगावचे पिठीसाखर भरून घडी घातलेले मांडे, खान्देशचे पुरणाचे आणि सोमेश्वराचे बिनसारणाचे मंडक हे एकच समजू नका. नाव एक, नातं जवळचं, पण तीन वेगळे पदार्थ.

त्याच ग्रंथात इडरिका आहे. ती उडदाची, तांदळाशिवाय. पांढरी, फुगलेली इडली मिळावी म्हणून त्यात तांदूळ घालाल तर आजची इडली मिळेल आणि इडरिका हुकेल. तिथे कासवाच्या मांसाचेही पदार्थ आहेत. त्यांना हात लावू नका, आपल्याकडे कासवं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने संरक्षित आहेत. आणि हे सगळं राजाचं ताट आहे हे विसरू नका. त्याच मुलखातला कुणबी काय जेवत होता ते या पानांतून कळत नाही.

भांडी आणि लोणची

पितळेचं, तांब्याचं जुनं पातेलं हौसेने काढाल तर आधी कल्हई करून घ्या. कल्हई उडालेल्या भांड्यात चिंच, कोकम, ताक कळकतं, आणि ते पोटाला घातक असतं. कल्हईवाला मिळत नसेल तर सरळ स्टील वापरा, चवीत फार फरक पडणार नाही.

जुन्या लोणच्या-मुरंब्यांतलं मीठ, तेल, साखर ‘तब्येतीसाठी’ कमी करू नका. ते टिकवण्यासाठीच असतं. कमी केलं की बुरशी येते. कमी खायचं असेल तर पानात कमी वाढा. खडे मीठ मुठीने लिहिलेलं असेल तर बारीक मीठ तितक्याच मुठी घेऊ नका, बारीक मीठ मुठीत जास्त मावतं. काट्यावर घ्या.

‘वर-खाली निखारे ठेवून’ असं लिहिलेलं भानोळं, म्हणजे पाठारे प्रभूंचा भाजून केलेला पदार्थ, नुसत्या गॅसवर खालून करपतं आणि वरून ओलं राहतं. ओव्हन असेल तर तो, नसेल तर खाली तवा आणि झाकण म्हणून दुसरा तापवलेला लोखंडी तवा.

पहिल्या खेपेला सुधारणा करू नका

ही माझी सगळ्यात जुनी खोड होती. कृती वाचतानाच लसूण वाढवायचा, साखर घटवायची, आणि मग चव वेगळी आली की पणजीला दोष द्यायचा. आता पहिल्यांदा लिहिल्याबरहुकूम करते, आवडो न आवडो. दुसऱ्यांदा एकच गोष्ट बदलते आणि वहीच्या झेरॉक्सवर पेन्सिलीने तारखेसह लिहिते. मूळ पानाचे फोटो काढून ठेवलेत, कारण तेलकट कागद दरवर्षी आणखी पारदर्शक होत जातो. मोडीतली पानं असतील तर जाणकाराकडून वाचून घ्या; मोडीत शब्द सलग जातात, ऱ्हस्व-दीर्घ वेगळं नसतं, अंदाजाने वाचलं की जिन्नस बदलतो.

काळ्या मसाल्याच्या पानावर आता माझ्या हातची तीन टिपणं आहेत. पहिलं: ‘शेर मुंबईचा, खोबरं ३१८ ग्रॅम.’ दुसरं: ‘दगडफूल वेगळं भाजावं, जळतं.’ तिसरं पणजीचंच, पानाच्या कडेला उभं लिहिलेलं, जे चार वर्षं मला दिसलंच नव्हतं: ‘खोबरे पाव कमी, माईंस तेलकट आवडत नाही.’