जुनी आरएक्स १०० किंवा राजदूत विकताय? या चुका टाळा

गाडी रंगाला टाकायच्या आधी आरसी बुक उघडून बघा. खासगी दुचाकीची नोंदणी १५ वर्षांची असते, पुढे दर ५ वर्षांनी नूतनीकरण लागतं. आरएक्स १०० चं उत्पादन १९९६ मध्येच थांबलं, म्हणजे मधे पुन्हा पासिंग (नोंदणीचं नूतनीकरण) केलं नसेल तर ती नावावर होणारच नाही. बुक हाताने लिहिलेलं असेल तर नोंद ऑनलाइन दिसते का पाहा. दिसत नसेल तर आरटीओत बॅकलॉग नोंद, म्हणजे जुनी नोंद संगणकावर, करून घ्या. गाडी वारलेल्या वडिलांच्या नावावर असेल तर फॉर्म ३१ भरून आधी वारसाच्या नावावर घ्यावी लागते.

सगळ्यात महागात पडते ती कोऱ्या फॉर्म २९-३० वरची, म्हणजे गाडी दुसऱ्याच्या नावावर करायच्या फॉर्मवरची सही. नोंदीत नाव तुमचं आहे तोवर कायद्याने मालक तुम्हीच, अपघाताच्या भरपाईची नोटीस तुमच्याच दारात येते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये हे स्पष्ट केलं आहे. घेणाऱ्याचं नाव-पत्ता भरल्यावरच सही करा आणि १४ दिवसांत आरटीओला कळवा. विक्रीच्या पावतीवर तारखेसोबत ताबा दिल्याची वेळही लिहा. गिऱ्हाईक बिदर किंवा निजामाबादचं, म्हणजे परराज्यातलं असेल तर फॉर्म २८ ची एनओसी (ना हरकत दाखला) लागेल.

आता रंग. गाडी नावावर करताना चेसिस नंबरचा (सांगाड्यावर कोरलेल्या नंबरचा) पेन्सिलने छाप घेतात. घासकामात किंवा जाड रंगाखाली नंबर बुजला तर काम तिथेच अडतं. तसंही जाणकार गिऱ्हाईक फिका पडलेला मूळ रंग आणि मूळ सायलेन्सर बघूनच पैसे जास्त देतं. या दोन्हींना हात लावू नका.

वर्षभर उभ्या गाडीला थेट किक मारू नका. इथेनॉलचं पेट्रोल हवेतलं पाणी ओढतं, टाकी आतून गंजते आणि तो गंज कार्बोरेटरच्या जेटमध्ये (पेट्रोल जायच्या बारीक भोकात) अडकतो. टाकी रिकामी करा, फ्लोट बाऊल (कार्बोरेटरखालची वाटी) उघडा, जेट हवेने फुंका. जेट साफ करायला तार घातली की भोक मोठं होतं, मग गाडी जास्त पेट्रोल पिते आणि प्लग काळा पडतो.

राजदूत १७५ ला टूटी ऑइल (टू-स्ट्रोक इंजिनाचं तेल) पेट्रोलमध्येच मिसळतात. आरएक्सला त्यासाठी पंप आहे, पण पुष्कळ गाड्यांचा तो बंद केलेला असतो. तसं असेल तर पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायला घेणाऱ्याला बजावून सांगा, नाहीतर तो साधं पेट्रोल टाकेल आणि थोड्याच अंतरात पिस्टन जाम होईल.

गिऱ्हाईक यायच्या आधी इंजिन तापवून ठेवू नका. गार गाडी सुरू होते का हे बघायचं असतं, म्हणून गिऱ्हाईक पहिल्यांदा सिलिंडरलाच हात लावून बघतं.